त्या ‘हो’चं काय करायचं?

बारा वर्षांचा एक मुलगा आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा. लिहिताना सोयीचं जावं म्हणून पहिल्याला धाकटा आणि दुसऱ्याला थोरला म्हणते. दोघांचं नातं काही नाही, एका शाळेत असण्यापलीकडे ओळखही नव्हती. मुलांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

शाळेच्या मागच्या जिन्यात थोरल्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी धाकट्याला अडवलं. जिन्याचं दार लावून घेतलं, त्याला गुडघ्यांवर बसवलं, ‘मी भित्रा आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. तो सुटून पळायला लागला तेव्हा ढकलाढकलीत पडला आणि त्याचं मनगट मोडलं. व्हिडिओ त्याच संध्याकाळी एका ग्रुपवर गेला. तक्रार झाली, चौकशी झाली. दार लावलं आणि व्हिडिओ काढला हे थोरल्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं. मित्रांचं प्रकरण वेगळं चाललं, त्यात इथे शिरत नाही. थोरल्याचं प्रकरण न्यायालयात पुढे रेटण्याऐवजी पुनर्स्थापनात्मक न्यायाच्या प्रक्रियेकडे वळवलं गेलं. म्हणजे झालेलं नुकसान कोणाचं, ते भरून काढायला काय लागेल आणि ते कोण करणार, हे ज्यांच्या आयुष्यात ती घटना घडली त्यांनीच ठरवायचं. अट एवढीच, की कोणीही दबावाखाली येता कामा नये.

सुलभक म्हणून, म्हणजे दोन्ही बाजूंमधला संवाद घडवून आणणारा म्हणून, ज्यांच्याकडे ही जबाबदारी आली ते परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांबरोबर अकरा वर्षं काम केलेला, मुलांबद्दल मनापासून कळकळ असलेला माणूस. आम्ही सुलभकांना देतो ते पाच दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी नुकतंच पूर्ण केलं होतं आणि देखरेखीखालचं हे त्यांचं पहिलं प्रकरण होतं. देखरेख माझ्याकडे होती. सोबत सहसुलभक म्हणून एक समुपदेशक होत्या. पुढे जे चुकलं त्यात माझा वाटा त्यांच्याहून मोठा आहे, आणि हे प्रकरण लिहून काढायचं कारणही तेच आहे.

पहिली भेट

धाकट्याची पहिली भेट त्याच्या घरी झाली. अधिकारी आणि मुलगा समोरासमोर, आई मुलाच्या शेजारी. देखरेखीसाठी घरच्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने ध्वनिमुद्रण केलं होतं. भेट झाल्यावर अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं: ‘बालकाची संयुक्त बैठकीस संमती आहे.’ संयुक्त बैठक म्हणजे दोन्ही मुलांची समोरासमोर भेट.

त्याच रात्री मुलाच्या आईचा समुपदेशक बाईंना फोन आला. मुलगा जेवला नव्हता, झोपत नव्हता, आणि एकच विचारत होता: “त्या दिवशी दार कोण लावणार?”

कुठलं दार, हे आईला आधी कळलंच नाही. बैठक ज्या खोलीत व्हायची होती त्या खोलीचं दार. जिन्यातल्या त्या दुपारीही कोणीतरी दार लावलं होतं. अधिकाऱ्यांनी प्रक्रिया समजावली होती, गोपनीयता समजावली होती, कोण कुठे बसेल हेही सांगितलं होतं. दाराबद्दल मात्र कोणी बोललं नव्हतं, आणि तुला कशाची भीती वाटते हे कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि अधिकारी ते ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. ते आधी म्हणाले, “मॅडम, तो स्पष्ट हो म्हणालाय.” मी म्हणाले, “आपण ऐकू या.” जवळजवळ पाऊण तासाची भेट. मुलगा जे जे बोलला ते तेवढं मी एका कागदावर लिहीत गेले, आणि तो कागद अर्धाही भरला नाही. ज्या जागेवर ‘संमती’ झाली ती जागा अशी होती:

“त्याने माफी मागावी असं वाटतं ना तुला?”
“हं.”
“मग भेटायचं ना?”
आई: “भेटेल तो. मी सांगितलंय त्याला.”
“बाळा?”
“हो.”

अधिकाऱ्यांनी तिथे स्वतःच मुद्रण थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “यात माझंच बोलणं आहे सगळं.”

मुलाचा होकार कसा तयार होतो

मुलांना प्रश्न कसे विचारावेत यावर साक्षींच्या संदर्भात पुष्कळ संशोधन झालं आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी इथे जशाच्या तशा लागू पडतात. मोठ्या माणसाने होय-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारला की मूल त्याला हवं ते उत्तर देण्याकडे झुकतं. आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. वर ‘भेटायचं ना’नंतर आलेल्या त्या ‘बाळा?’कडे पुन्हा पाहा. कितीही मायेने उच्चारलेलं असो, तो दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न आहे. शिवाय मराठीतला ‘ना’ होकार गृहीत धरूनच येतो. आपण दिवसभर तो वापरतो, इतका की तो ऐकूही येत नाही.

नियम म्हणावेत तर ते पुरेसे स्पष्ट आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम १२ मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क देतं. संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने २००९ मध्ये त्यावर केलेल्या विवेचनात म्हटलं आहे की मत मांडणं ही मुलाची निवड आहे, त्याच्यावरचं बंधन नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेने २००२ मध्ये ठरवलेली मूलतत्त्वं सांगतात की पीडित आणि आरोपी दोघांचीही संमती मुक्त हवी आणि ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१२ च्या पीडितविषयक निर्देशात तर ही प्रक्रिया पीडिताच्या हिताची असेल तरच वापरावी असं आहे. हे सगळं आम्ही प्रशिक्षणात शिकवलं होतं. अधिकाऱ्यांना ते पाठ होतं, आणि अहवालातलं ‘संमती आहे’ हे वाक्य त्यांनी या नियमांचा मान राखूनच लिहिलं होतं.

कमी पडला होता तो आमचा अभ्यासक्रम. पाच दिवसांतले साडेतीन दिवस आम्ही संयुक्त बैठकीवर घालवले होते: गोलात कसं बसायचं, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, करारनामा कसा लिहायचा. पूर्वतयारीच्या भेटींना मिळाला होता अर्धा दिवस. बैठक नाट्यमय असते, शिकवायला छान वाटते, प्रशिक्षणार्थींनाही तीच हवी असते. पण मुलांच्या बाबतीत बैठकीत जे व्हायचं ते बहुतेक सगळं आधीच्या दोन-तीन भेटींत ठरून गेलेलं असतं.

प्रशिक्षणात सांगितली जाणारी मूळकथाही याला हातभार लावते. १९७४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, एल्मायरा गावी, दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. एका परिविक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांकडे प्रस्ताव मांडला की या दोघांना त्या घरांच्या दारांत उभं करावं. न्यायाधीशांनी मान्य केलं, आणि ते दोघे खरोखरच दारोदार गेले. गोष्ट फार मोलाची आहे. आजच्या पीडित-आरोपी संवादाचा उगम तिच्यात पाहिला जातो. पण त्या दारांमागे मोठी माणसं होती आणि नुकसान प्रामुख्याने मालमत्तेचं होतं. बारा वर्षांच्या मुलाच्या दारात असं जाऊन उभं राहता येत नाही. आम्ही ती गोष्ट पहिल्या दिवशी सकाळी सांगायचो, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात ‘भेट घडवणं म्हणजे यश’ एवढंच उरायचं.

भूमिकाभिनयातही खोट होती. प्रशिक्षणार्थी मुलांच्या भूमिका करायचे आणि फार चांगल्या करायचे: योग्य जागी रडायचे, पूर्ण वाक्यांत पश्चात्ताप व्यक्त करायचे. खरी मुलं खांदे उडवतात, ‘माहीत नाही’ म्हणतात, सोफ्याचा धागा ओढत बसतात.

दुसरी भेट, खोलीतच

अधिकाऱ्यांनी अहवालातलं ते वाक्य खोडलं. आम्ही एक आठवडा थांबलो. त्या आठवड्यात त्यांनी, समुपदेशक बाईंनी आणि मी मिळून एकच सराव केला: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. त्यांना हे फार जड गेलं. अकरा वर्षं मुलांना धीर देण्याची सवय, आणि धीर देणं म्हणजे बहुधा बोलणंच.

दुसरी भेट बैठकीच्या खोलीतच घेतली. आई बाहेरच्या बाकावर, मुलाला हवी तेव्हा बोलावता येईल अशी. अधिकारी म्हणाले, “ही ती खोली. तुला हवी तशी बघ.” आणि थांबले. धाकटा दारापाशी गेला. उजवा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताने त्याने कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग दाराजवळची खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढून तिच्यात बसला. कोणी काही विचारलं नाही. तो म्हणाला, “दार उघडं ठेवलं तर चालतं का?” अधिकारी म्हणाले, “चालतं.”

त्यानंतर ‘नाही’ म्हटलं तर काय होतं ते सांगितलं. हा भाग आम्ही आधी पुरता गाळलेला होता. तू नाही म्हणालास तर प्रकरण दुसऱ्या मार्गाने पुढे जाईल. आम्ही कोणी रागावणार नाही, आई रागावणार नाही. तुझ्या नकारामुळे थोरल्याला जास्त शिक्षाही होणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. ते ओझं तो वाहत होता हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. मग भेटण्याशिवायचे मार्ग सांगितले: पत्र, निरोप, ध्वनिमुद्रित संदेश, सुलभकांमार्फत प्रश्नोत्तरं, किंवा आत्ता काहीच नाही. होय आणि नाहीच्या जोडीला ‘अजून ठरलं नाही’ हेही उत्तर असतं हेही सांगितलं. त्याने तेच निवडलं.

निघताना, बूट घालता घालता, तो म्हणाला की त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. व्हिडिओ अजून कोणाकोणाकडे आहे? आणि मलाच का धरलं?

माफीचा शब्दही त्यात नव्हता.

थोरला

थोरल्याच्या पहिल्या भेटीनंतर अधिकाऱ्यांनी टिपणात लिहिलं होतं: ‘पश्चात्ताप दिसत नाही.’ ‘तुझ्या वागण्याचा त्याच्यावर काय परिणाम झाला असं तुला वाटतं?’ असं विचारल्यावर मुलगा ‘माहीत नाही’ म्हणाला होता आणि खिडकीकडे बघत बसला होता.

समुपदेशक बाईंना शंका आली ती प्रश्नाचीच. बाल गुन्हेगारीच्या क्षेत्रात काम करणाऱ्याने हे जाणून असायलाच हवं की अशा प्रक्रियेत येणाऱ्या अनेक मुलांना बोली भाषेतच अडचण असते. ऑस्ट्रेलियात पामेला स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत अशा मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये लक्षणीय भाषिक दोष आढळला. लांब प्रश्न कानावर पडतो, अर्थ निसटतो, मूल खांदे उडवतं आणि समोरचा मोठा माणूस त्याचा अर्थ उर्मटपणा किंवा कोडगेपणा असा लावतो. पुनर्स्थापनात्मक न्यायात तर सगळा डोलारा बोलण्यावर उभा. ज्याला बोलता येतं तो पश्चात्तापी ठरतो.

बाईंनी प्रश्नाचे तुकडे केले आणि कागदावर चौकोन आखले. दार कोणी लावलं? “मी.” तो कुठे होता? त्याने चौकोनात काडीचा माणूस काढला. मग काय झालं? दुसरा चौकोन. चौथ्या चौकोनात त्याने धाकट्याचा हात काढायला घेतला, पेन्सिल थांबवली आणि स्वतःचा हात मनगटातून वाकवून दाखवला. “असा झाला होता,” म्हणाला. पुढे बोलला नाही. कान लाल झाले होते. टिपणातलं ‘पश्चात्ताप दिसत नाही’ अधिकाऱ्यांनी त्या दिवशी स्वतःहून कापलं.

त्याच्या वडिलांनी मुलाच्या नावाने एक माफीपत्र लिहून पाठवलं होतं. सुंदर अक्षर, ‘माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य अपराधाबद्दल’ अशी सुरुवात. अधिकाऱ्यांनी ते आदराने परत केलं आणि वडिलांना समजावलं की इथे मोडकं असलं तरी मुलाचंच वाक्य लागेल.

मग धाकट्याचे दोन प्रश्न त्याच्यापुढे ठेवले. व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर टाकला आणि त्यात कोण कोण आहे, हे त्याने आठवून आठवून लिहून दिलं. दुसऱ्या प्रश्नाला त्याने बराच वेळ घेतला. उत्तर हे होतं: “तो तिथे होता म्हणून. दुसरा कोणी असता तर त्याला धरलं असतं.”

अधिकारी हे घेऊन माझ्याकडे आले तेव्हा अस्वस्थ होते. इतकं कोरडं उत्तर त्या लेकराला कसं सांगायचं? थोडं मऊ करून सांगावं का, की त्याला आता फार वाईट वाटतंय वगैरे? मलाही क्षणभर तसंच वाटलं. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स ख्रिस्ती यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की तंटा ही ज्यांच्यात तो घडला त्यांची मालमत्ता असते आणि व्यावसायिक मंडळी ती त्यांच्याकडून काढून घेतात. त्यांचा रोख मुख्यतः वकील आणि न्यायालयांवर होता. पण मायेपोटी एक वाक्य बदलणारा सुलभकही तेच करत असतो. आईला आधी विश्वासात घ्यायचं, आणि उत्तर मात्र जसंच्या तसं पोचवायचं, असं ठरलं.

आईला ते ऐकून रडू आलं, संतापही आला. धाकट्याने शांतपणे ऐकलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळे नाही.”

सहा आठवडे तो मुलगा, आपल्यात असं काय आहे की त्यांनी आपल्यालाच निवडलं, हे शोधत होता. आपल्या चालण्यात, आवाजात, चष्म्यात. मऊ केलेल्या उत्तराने त्याला हे कधीच मिळालं नसतं.

बैठक

त्यानंतर पाच दिवसांनी धाकट्याने स्वतः सांगितलं की त्याला भेटायचं आहे, पण थोडाच वेळ, दार उघडं ठेवून, आणि सोबत आई नको, ताई हवी. आईला हे लागलं. समुपदेशक बाईंनी तिच्यासाठी वेगळी भेट ठेवली. आईची स्वतःची भीती आणि राग हाही या घटनेचाच भाग होता, फक्त तो मुलाच्या खुर्चीशेजारी बसवायचा नव्हता.

बैठक पंचवीस मिनिटांत संपली. १९९१ पासून ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा इथल्या पोलिसांनी रुळवलेल्या पद्धतीवरून आलेले ते ठरावीक प्रश्न (काय झालं, तेव्हा मनात काय होतं, कोणावर परिणाम झाला, आता काय करायला हवं) अधिकाऱ्यांनी एकेका लहान वाक्यात विचारले आणि प्रत्येकानंतर थांबले. एका ठिकाणी शांतता इतकी लांबली की ताईच बोलायला पुढे सरकली. अधिकाऱ्यांनी फक्त मान हलवून तिला थांबवलं. थोरला त्यानंतर म्हणाला, “दार मी लावलं होतं. सॉरी.” धाकट्याने ‘माफ केलं’ म्हटलं नाही, आणि कोणी त्याला तसं विचारलंही नाही.

करारात तीन गोष्टी आल्या. थोरला शाळेतल्या एका शिक्षकांसोबत ग्रुपमधल्या प्रत्येकाला भेटून व्हिडिओ काढून टाकायला सांगणार. पण तो सगळीकडून गेलाच असेल अशी खात्री देता येणार नाही, हेही धाकट्याला स्पष्ट सांगितलं. सत्र संपेपर्यंत थोरला मागचा जिना वापरणार नाही. आणि दोघे समोरासमोर आले तर थोरल्याने आधी बोलायचं नाही. शाळेची चौथी मागणी होती: प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी. धाकटा म्हणाला, “नको. सगळे परत माझ्याकडे बघतील.” शाळेला हा नकार कळवण्याचं काम अधिकाऱ्यांनी केलं, आणि ते सोपं नव्हतं.

हा मार्ग प्रत्येक प्रकरणात चालेल असं मी म्हणत नाही. आरोपी मुलाला मूळ घटनाच मान्य नसेल तर इथे येताच येत नाही. लैंगिक हिंसा किंवा घरातली हिंसा असेल तर पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या सुलभकाने त्यात हात घालू नये. त्याला वेगळं, खोल शिक्षण आणि अनुभवी जोडीदार लागतो.

प्रशिक्षणात काय बदललं

पाच दिवसांतले तीन दिवस आता पूर्वतयारीला जातात. एल्मायराची गोष्ट शेवटच्या दिवशी येते. भूमिकाभिनयात मुलाची भूमिका करणाऱ्याला चिठ्ठी मिळते: चार शब्दांपेक्षा मोठं उत्तर द्यायचं नाही, आणि मनात एक भीती ठेवायची जी विचारल्याशिवाय सांगायची नाही. बहुतेक सुलभक ती भीती पहिल्या फेरीत शोधू शकत नाहीत. प्रत्येकाला स्वतःच्या सरावाचं मुद्रण ऐकून मुलाचे शब्द एका कागदावर आणि स्वतःचे दुसऱ्यावर लिहून काढावे लागतात; हे करताना लोक गप्प होतात. भाषेच्या अडचणींवर आता भाषा-वाचा तज्ज्ञ येऊन अर्धा दिवस घेतात. आणि अहवालाच्या नमुन्यातून ‘संमती आहे / नाही’ हा रकाना काढून टाकला. त्या जागी आहे: ‘मुलाने काय म्हटलं, त्याच्याच शब्दांत.’

तीन महिन्यांनी अधिकाऱ्यांनी धाकट्याची पाठपुराव्याची भेट घेतली. प्लॅस्टर निघालं होतं. जिन्याबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, “कधी कधी जातो. कधी कधी नाही जात.” अधिकाऱ्यांनी रकान्यात तेवढंच लिहिलं.